ज्या की कोज्या? आलेखावरून फलन ओळखण्याचा प्रश्न

तरंगाकृती आलेख देऊन ‘हे फलन ज्या आहे की कोज्या?’ असा प्रश्न विद्यार्थ्यास वारंवार विचारला जातो. त्याचे रूढ उत्तर असे : वक्र आरंभबिंदूतून चढत जात असेल तर ज्या, य-अक्षावर शिखर असेल तर कोज्या. हा नियम चुकीचा नाही. परंतु तो वक्राच्या स्वरूपापेक्षा अक्षांच्या निवडीविषयीच अधिक सांगतो.

‘कोज्या’ हे नावच याची साक्ष देते. भारतीय गणितातील ‘कोटिज्या’ म्हणजे कोटिकोनाची, अर्थात् दिलेल्या कोनात मिळविला असता ९०° पूर्ण करणाऱ्या कोनाची, ज्या होय. कोज्या क्ष = ज्या (९०° − क्ष) = ज्या (क्ष + ९०°) असल्यामुळे कोज्येचा आलेख म्हणजे ९०° डावीकडे सरकविलेला ज्येचाच आलेख ठरतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका वक्राचे शिखर क्ष = २०° येथे असून तेथे य = ७ आहे; लगतचा तळ क्ष = ८०° येथे असून तेथे य = १ आहे. शिखर व तळ यांची सरासरी ४, ही मध्यरेषा. त्यांच्यातील अंतराचे अर्ध ३, हा परमप्रसर. शिखरापासून तळापर्यंत अर्धे आवर्तन होते; म्हणून पूर्ण आवर्तन १२०° आणि क्षचा गुणक ३६० ÷ १२० = ३. या तीन राशी आरंभबिंदू आडव्या दिशेने कोठेही सरकविला तरी बदलत नाहीत.

आता शिखरापासून मोजणारा विद्यार्थी य = ४ + ३ कोज्या ३(क्ष − २०°) असे लिहील. वक्र मध्यरेषा ओलांडून वर जातो तो बिंदू पाव आवर्तन आधी, म्हणजे क्ष = −१०° येथे आहे; तेथून मोजणारा य = ४ + ३ ज्या ३(क्ष + १०°) असे लिहील. तळापासून आरंभ करणाऱ्याचे उत्तर य = ४ − ३ कोज्या ३(क्ष − ८०°) असे येईल. तिन्ही उत्तरे एकाच फलनाची आहेत. यांपैकी एकच ग्राह्य धरणारा परीक्षक निर्दोष उत्तरास दोष देतो.

मग मूळ प्रश्नास अर्थ केव्हा प्राप्त होतो? आरंभबिंदू निश्चित असेल तेव्हाच. ज्या हे विषम फलन, कोज्या हे सम फलन. वरील वक्र मध्यरेषेपासून मोजला असता

३ ज्या (३क्ष + ३०°) = (३√३/२) ज्या ३क्ष + (३/२) कोज्या ३क्ष

असा विभागतो. म्हणजे तो केवळ ज्याही नव्हे व केवळ कोज्याही नव्हे. त्यात दोहोंचे अंश आहेत, आणि निवडलेल्या आरंभबिंदूपुरते ते अंश एकमेव आहेत.

याआधीची एक शंका मात्र सहसा दुर्लक्षिली जाते : वक्र या कुलातील आहे काय? शिखरे, तळ आणि मध्यरेषेवरील छेद जुळणे पुरेसे नाही. ० ते १८०° या अंतरात य = ४क्ष(१८० − क्ष)/१८०² हा अन्वस्तखंड (क्ष अंशांत) ज्येप्रमाणेच दोन्ही टोकांस शून्य व मध्ये १ होतो; तथापि ३०° येथे ज्येचे मूल्य १/२, तर त्याचे ५/९ येते. खरी कसोटी ही की, द्वितीय अवकलज प्रत्येक बिंदूपाशी मध्यरेषेपासूनच्या अंतराच्या ऋण प्रमाणात असावा. ती उतरल्यावर मध्यरेषा, परमप्रसर व आवर्तन ठरवावे. ‘ज्या की कोज्या’ हा निर्णय त्यानंतरचा, आणि तो आरंभबिंदूसापेक्ष होय.