अंथरुणावरून ऐकलेली गाणी

गटातल्या कुणाचा फोन आला की नाव सांगायच्या आत आपण आवाज ओळखतो. गवयांचंही तसंच असतं. चार सूर कानावर पडले की जाणकार सांगतात, हे अमुक बुवा. पण एक गवई असे झाले, की त्यांची लहानपणची तबकडी आणि तिशीनंतरचं गाणं एकापाठोपाठ लावलं तर दोन वेगळी माणसं गातायत असं वाटावं. ते म्हणजे कुमार गंधर्व. आज त्यांच्याविषयी बोलू, कारण त्यांच्या या बदलात आपल्यासारख्या बायकांच्या गाण्यांचा मोठा वाटा आहे.

त्यांचं मूळ नाव शिवपुत्र कोमकली. जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावी गावातला. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हा मुलगा त्यांचं गाणं हुबेहूब गाऊन दाखवायचा. दहा-अकराव्या वर्षी मोठ्या संगीत परिषदांत गाऊन त्याने लोकांना थक्क केलं. ‘कुमार गंधर्व’ ही पदवीसुद्धा लहानपणीच मिळाली. पुढे तो मुंबईला प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे शिकायला राहिला.

इथे घराणं म्हणजे काय ते सांगायला हवं. प्रत्येक घरच्या कालवणाला स्वतःची चव असते. वाटणात काय घालायचं, कोकम कधी टाकायचं, हे सासूकडून सुनेकडे जातं, आणि त्यात बदल केला की कुरकुर ठरलेली. गाण्यातली घराणीही तशीच. आवाज कसा लावायचा, राग कसा मांडायचा, तान कशी घ्यायची, सगळ्याची रीत ठरलेली. देवधर मास्तर मात्र मोकळ्या मनाचे. त्यांच्याकडे सगळ्या घराण्यांचे गवई येत, आणि शिष्याला सगळं ऐकायला मिळे.

१९४७ साली कुमारांचं लग्न झालं. पत्नी भानुमती, त्याही देवधरांकडेच शिकलेल्या. आणि लगेच क्षयरोगाने गाठलं. मुंबईची दमट हवा सोसेना, म्हणून १९४८ च्या सुरुवातीला दोघं मध्य भारतात, माळव्यातल्या देवासला गेले. वय अवघं तेवीस. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं आणि डॉक्टरांनी गाण्याला बंदी केली. त्या काळी क्षयावर औषध म्हणजे विश्रांती, कोरडी हवा आणि चांगलं अन्न. स्ट्रेप्टोमायसिन नावाचं इंजेक्शन नुकतं कुठे देशात मिळू लागलं होतं, ते पुढे मिळाल्यावर प्रकृती सुधारली. तोवरची पाच-सहा वर्षं भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी करून घर चालवलं आणि आजाऱ्याची सेवा केली. स्वतःचं गाणं होतंच, पण ते मागे राहिलं. कुमारांची गोष्ट सांगताना हे एका वाक्यात उरकलं जातं. आम्हाला ते बरं वाटत नाही. (आणि हो, आज क्षयाचं निदान आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्या.)

आता पाहा, ज्याचं सगळं आयुष्य गाण्यात गेलं तो माणूस गाण्याविना खाटेवर पडला. कान मात्र उघडे होते. बाहेरून बायकांची गाणी यायची. लग्नाची, बाळाच्या जन्माची, सणांची, पावसाळ्याची. दारावरून नाथपंथी जोगी कबीराची भजनं म्हणत जायचे. कुमार ती ऐकत राहिले, आणि पुढे बरीच गाणी त्यांनी स्वरलिपीत उतरवून घेतली. त्यांच्या ध्यानात आलं, की या गाण्यांना कधी तीन, कधी चारच सूर लागतात. शास्त्र सांगतं, रागाला निदान पाच सूर हवेत. तरी या चार सुरांत रागाचं बीज आहे. म्हणजे राग काही फक्त दरबारात तयार झाले नाहीत, ते अंगणात आणि वाटेवर जन्मले. असं नुसतं म्हणून ते थांबले नाहीत. लोकधुनांतून त्यांनी नवे राग बांधले, त्यांना ‘धुनउगम राग’ म्हटलं. ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ असे ऋतूंचे कार्यक्रम केले. १९६५ साली त्यांच्या बंदिशींचं ‘अनूपरागविलास’ हे पुस्तक निघालं.

१९५३ पासून ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले, तेव्हा ऐकणारे चक्रावले. एका दमात लांबच लांब जाणाऱ्या ताना कमी झाल्या होत्या. त्याऐवजी छोट्या, टोकदार ताना. मध्येच थांबणं, मध्येच एक सूर एकदम वर फेकणं, मग अगदी हळू. बंदिशीतल्या शब्दाला अर्थासकट गाणं. काहींनी नावं ठेवली, की याने घराण्याची रीत मोडली. काही म्हणत, फुप्फुस गेलं म्हणून असं गातो. आम्हाला हे अर्धंच खरं वाटतं. दम कमी पडल्याने ताना आखूड झाल्या असतील, पण माळव्याची धून काही दम्यातून येत नाही. ती लक्ष देऊन ऐकावी लागते.

भानुमतीबाई १९६१ साली बाळंतपणात गेल्या. पुढे कुमारांनी वसुंधराताईंशी लग्न केलं. त्यांच्यासोबत गायलेली कबीराची निर्गुणी भजनं आजही घराघरांत ऐकली जातात.

आजारपणानंतर गाणं बदललेलं दुसरं उदाहरण बाईचंच आहे. किशोरी आमोणकर. आई मोगूबाई गोव्यातल्या कुर्डी गावच्या, त्यांची शिस्त कडक. पंचविशीच्या सुमारास किशोरीताईंचा आवाजच गेला, दोनेक वर्षं गाता येईना. परत गाऊ लागल्या तेव्हा आईच्या जयपूर घराण्याचा पाया तसाच होता, पण तालाच्या हिशोबापेक्षा रागाचा भाव त्यांनी पुढे आणला. त्यांच्यावरही टीका झाली. त्यांनी ती मनावर घेतली नाही, हे त्यांचं गाणं ऐकून कळतंच.

आपल्याकडे रत्नागिरीत गौरीच्या रात्री फुगडीला जी गाणी म्हणतो, जात्यावरच्या ज्या ओव्या म्हाताऱ्यांना आठवतात, त्यातही बहुधा थोडेच सूर असतात. पुढच्या बैठकीत गटातल्या कुणाकडून तरी एक गाणं म्हणून घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करून आमच्याकडे पाठवा. त्याच बैठकीत कुमारांची लहानपणची एक तबकडी आणि नंतरचं एक भजन फोनवर लावा. ऐकताना ते श्वास कुठे घेतात, तेवढंच पाहा.