घर घेताना विकण्याचाही विचार

घर घ्यायला निघालेल्या बाईला ‘हे पुढं विकलं जाईल का?’ असं कुणी विचारलं, तर अपशकुनच वाटतो. वास्तुशांत झाली नाही आणि विकायच्या गोष्टी! पण मैत्रिणींनो, आपल्या पिंप्राळ्यातच बघा. मुलं शिकून पुण्याला जातात, तिकडेच रमतात. मागं राहिलेल्या दोघांना कधीतरी घराचे पैसे करावे लागतात. त्या वेळी गिऱ्हाईक नसलं, तर म्हातारपण अडकून पडतं.

जळगावच्या बाईला सोनं कळतं, तेव्हा सोन्याच्याच भाषेत सांगते. दागिना मोडताना सराफ वजन धरतो, घडणावळ धरत नाही. घराचंही तसंच. जमीन म्हणजे वजन. पीओपीचं छत, भारी फरशी, नक्षीचा दरवाजा ही सगळी घडणावळ. बांधकाम जुनं होत जातं, भाव चढतो तो जागेला. म्हणून हौस थोडी आवरा आणि तेच पैसे चांगल्या जागेत घाला. फ्लॅटमध्ये जमिनीचा वाटा लहान असतो, हेही ध्यानात असू द्या.

प्लॉट दाखवणारा उन्हाळ्यात दाखवील. तुम्ही पावसाळ्यातही एक फेरी मारा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर भिंतींना तिरक्या चिरा पडतात, आणि घेणाऱ्याची नजर आधी तिथंच जाते. नळ कितव्या दिवशी येतो, हे शेजारच्या वहिनींना विचारा. त्या कशाला खोटं सांगतील? पश्चिमेकडे तोंड असलेलं घर मे महिन्यात दुपारी चार वाजता बघा. पारा ४५च्या घरात असताना त्या स्वयंपाकघरात उभं राहवतं का, ते कळेल. रस्त्याचंही बघा. फाटकाशी खोळंबणं पिंप्राळ्याच्या पाचवीलाच पुजलेलं होतं. तिथं उड्डाणपूल झाला. वाट सुधारली की गिऱ्हाईकही येतं.

आता कागद. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा हे वकिलाला दाखवाच. नव्या स्कीमचा महारेरा क्रमांक विचारा. ही नोंदणी २०१७ पासून आहे. कागद अपुरे असले की पुढच्या गिऱ्हाइकाला बँक कर्ज देत नाही, आणि रोकड घेऊन येणारा भाव पाडून मागतो.

आणि हो, खरेदीखत कुणाच्या नावे? फक्त बाईच्या नावे राहतं घर घेतलं, तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. सुरुवातीला त्यात मेख होती : १५ वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही! म्हणजे सवलत घेतली की निम्मं गिऱ्हाईक गेलं. ही अट २०२३ मध्ये निघाली. तेव्हा यजमानांशी बोलताना हा मुद्दा अवश्य काढा, बरं का.

विकताना नफ्यावर कर लागतो, पण घरात केलेल्या सुधारणांचा खर्च त्यातून वजा मागता येतो. परवानगी घेऊन वर खोली चढवली, तर गवंड्याच्या, सिमेंटच्या, लोखंडाच्या पावत्या खरेदीखताच्याच पिशवीत ठेवा.