पावसाळा, परसबाग आणि अंगणवाडीच्या वयाचे मूल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील राजुरा हा काळ्या जमिनीचा, कापूस, सोयाबीन आणि तुरीचा तालुका असून कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने यांमुळे शेतकरी, आदिवासी आणि कामगार अशी तिन्ही प्रकारची कुटुंबे येथे शेजारी शेजारी राहतात. वर्षभराच्या पावसाचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि वर्धा नदीला मोठा पूर आला की बल्लारपूरकडे जाणारी वाहतूकही थांबते. या दिवसांत तीन ते सहा वर्षांचे, म्हणजे पूर्वप्राथमिक वयाचे, मूल घरात कोंडले जाते आणि त्याला कशापासून जपावे याविषयीच्या अनेक समजुती घराघरांत ठामपणे सांगितल्या जातात. त्यांची छाननी केली असता एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की कुटुंबे पाऊस आणि माती यांना गरजेपेक्षा जास्त भितात, तर बियाण्याची उरलेली पुडी, कुंडीखालची बशी आणि जमिनीवरचे अंथरूण यांतील खऱ्या धोक्यांकडे त्यांचे लक्ष कमी जाते.

गैरसमज १ : पावसात भिजले की मुलाला सर्दी-ताप येतोच.

वस्तुस्थिती : सर्दी हा विषाणूंचा संसर्ग असून तो आजारी व्यक्तीच्या शिंकेतून, खोकल्यातून आणि हातांतून पसरतो, पावसाच्या पाण्यातून तो येत नाही. पावसाळ्यात सर्दीचे रुग्ण वाढतात त्याचे एक महत्त्वाचे कारण हे की माणसे दारे-खिडक्या लावून एकाच खोलीत जास्त वेळ एकत्र राहतात आणि विषाणूला एकाकडून दुसऱ्याकडे जाणे सोपे होते. अंगणात थोडा वेळ भिजलेल्या निरोगी मुलाचे अंग आणि डोके लगेच पुसून त्याला कोरडे कपडे घातले, तर घाबरण्याचे कारण नसते. मात्र ओल्या कपड्यांत तासन्‌तास राहिल्याने शरीराची उष्णता कमी होते, आणि नाली किंवा पुराचे पाणी सांडपाण्याने दूषित झालेले असते, म्हणून अशा पाण्यात खेळू देणे ही वेगळी बाब आहे आणि ती टाळलीच पाहिजे.

गैरसमज २ : मातीत खेळल्याने आणि गोड खाल्ल्याने जंत होतात.

वस्तुस्थिती : गुळाने किंवा साखरेने जंत होत नाहीत, गोडाचा संबंध दातांच्या किडीशी आहे. मातीचा संबंध मात्र खरा आहे, पण तो समजून घेतला पाहिजे. आतड्यातील गोलकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून जमिनीवर येतात, ओलसर मातीत काही आठवड्यांत पक्व होतात आणि न धुतलेल्या हातांतून किंवा कच्च्या भाजीतून पोटात जातात. अंकुशकृमी, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त शोषणारा जंत, याच्या अळ्या अशाच दूषित मातीतून अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि पुढे मुलाला रक्तक्षय होऊ शकतो. याचा अर्थ असा की जेथे उघड्यावर शौच होते ती माती धोकादायक आहे, आणि घराच्या कुंडीतील किंवा कुंपण घातलेल्या सांदवाडीतील, म्हणजे परसबागेतील, माती तुलनेने सुरक्षित आहे. कुंडीत दिसणाऱ्या गांडुळाचा पोटातील जंताशी काहीही संबंध नाही; गांडूळ कुजका पालापाचोळा खाऊन जमीन भुसभुशीत करते आणि मुलाने त्याला हात लावल्यास अपाय होत नाही.

उपाय साधे आहेत. मुलाच्या पायांत चप्पल असावी, नखे कापलेली असावीत आणि मातीत काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याचबरोबर २०१५ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय जंतनाशक मोहिमेत एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मोफत दिली जाते. दोन वर्षांवरील मुलासाठी तिची मात्रा ४०० मिलिग्रॅम असते, आणि मूल धडधाकट दिसत असले तरी ती चुकवू नये.

गैरसमज ३ : डास घाणेरड्या पाण्यातच होतात, त्यामुळे कुंडीतले स्वच्छ पाणी निर्धोक असते.

वस्तुस्थिती : डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि प्रामुख्याने दिवसा, म्हणजे मूल खेळत असताना, चावतो. कुंडीखालची बशी, फुटका डबा, जुने टायर आणि कूलरची टाकी ही त्याची आवडती ठिकाणे आहेत. अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, आतून घासून कोरडी ठेवली तर हे चक्र तुटते. हा ‘कोरडा दिवस’ पाळण्याचे काम मुलाच्या हातात देता येते; बशी पालथी घालणे त्याला जमते, आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या एकदा ओळखल्या की पुढे ते स्वतःहून त्या शोधू लागते.

गैरसमज ४ : बी ते बी, वावरातले उरलेले बियाणे मुलाला पेरायला द्यायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : हा या लेखातील सर्वांत घातक समज आहे. बाजारातील कपाशीच्या, मक्याच्या आणि इतर अनेक पिकांच्या बियाण्यांवर बीजप्रक्रिया केलेली असते, म्हणजे बुरशी आणि किडींपासून रक्षण व्हावे म्हणून त्यांवर थायरम, इमिडाक्लोप्रिड यांसारख्या रसायनांचा लेप दिलेला असतो. हे बियाणे खाण्याचे नाही हे कळावे म्हणून त्याला गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग दिला जातो, आणि नेमका तोच रंग चार वर्षांच्या मुलाला गोळीसारखा वाटतो. कीटकनाशकाचा रिकामा डबा धुऊन झाडांना पाणी घालण्यासाठी वापरणे हीदेखील तशीच चूक आहे, कारण घरगुती धुण्याने विषाचा अंश पूर्णपणे जात नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मोठ्या माणसांच्या बाबतीत जे घडले ते लहान शरीराच्या बाबतीत किती थोड्या मात्रेने घडू शकेल, याचा विचार प्रत्येक शेतकरी घराने केला पाहिजे.

कुंपणाला लावलेली चंद्रज्योती, धोत्रा, कण्हेर आणि लाल-काळी गुंज यांच्या बियाही विषारी असतात. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या समजून खाल्ल्याने मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत. पावसाळ्यात उगवणाऱ्या सात्या, म्हणजे खाण्याच्या रानअळंब्या, जाणत्या माणसाने ओळखून आणि शिजवूनच खायच्या असतात. मुलाने स्वतः तोडलेली कोणतीही अळंबी तोंडात जाऊ देऊ नये. मुलाने असे काही खाल्ल्याचा संशय आल्यास त्याला घरी उलटी करायला लावू नये, तर उरलेली बी किंवा डबा सोबत घेऊन १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. मुलाच्या पेरणीसाठी स्वयंपाकघरातील बरबटी, अख्खी तूर, मेथी आणि धणे पुरेसे आहेत.

गैरसमज ५ : बागेला मोठी जागा आणि भरपूर पाणी लागते.

वस्तुस्थिती : कामगार वसाहतीतील एका खोलीच्या घरालाही धान्याच्या रिकाम्या पोत्यात किंवा तेलाच्या जुन्या डब्यात भाजी लावता येते, फक्त तळाला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे हवीत. या भागातील काळी माती चिकण कणांची असल्याने पाणी मिळाले की फुगते, वाळली की तिला भेगा पडतात, आणि नुसती तीच डब्यात भरली तर ती घट्ट होऊन मुळांना हवा मिळत नाही. म्हणून तिच्यात कुजलेले शेणखत आणि थोडी रेती मिसळावी. मुळेही श्वास घेतात, त्यामुळे सतत साचलेल्या पाण्यात ती कुजतात. पावसाळ्यात झाडे जास्त पाण्याने मरतात, हे मुलाला बोट मातीत खुपसून ओल तपासायला शिकवले की लवकर समजते.

बरबटीचे बी काचेच्या पेल्यात ओल्या फडक्याआड, बाहेरून दिसेल असे ठेवले, तर मुलाला रुजण्याची सगळी क्रिया पाहता येते. प्रथम बी फुगते, मग साल फाटून पांढरे मूळ खाली वळते, त्यानंतर वाकलेला देठ कमानीसारखा वर उठतो आणि बियांची दोन दले ओढून उजेडात आणतो. शेजारी तूर ठेवली तर तिची दले वर येत नाहीत, नुसता कोंब येतो. फुटलेल्या डाळीला कोंब का येत नाही, हा मुलाच्या तोंडी हमखास येणारा प्रश्नही येथेच सुटतो, कारण डाळ भरडताना बीजातील अंकुर तुटतो आणि दलांची जोडी वेगळी होते.

गैरसमज ६ : पावसाच्या दिवशी मुलाला शांत ठेवण्यासाठी मोबाइलशिवाय पर्याय नाही.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात एक तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसून राहू नये, किमान तीन तास शारीरिक हालचाल करावी आणि दिवसाच्या झोपेसह १० ते १३ तास झोप घ्यावी. तीन तासांची हालचाल ऐकायला मोठी वाटते, पण ती दिवसभर विभागलेली असते आणि ओसरीवरही पूर्ण होते. शेंगा सोलणे, तांदूळ एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणे, मिसळलेली तूर आणि बरबटी वेगळी करणे, घडी घातलेले कपडे कपाटापर्यंत पोहोचवणे ही कामे मुलासाठी खेळच असतात. श्रावण अमावास्येच्या पोळ्यानंतर विदर्भात मुलांचा तान्हा पोळा भरतो. त्यासाठी काळ्या मातीचा बैल घडवणे, तो वाळवणे आणि गेरूने रंगवणे यात अनेक पावसाळी दुपारी सत्कारणी लागतात.

गैरसमज ७ : तीन वर्षांपासून अक्षरे गिरवली तरच मूल पुढे जाते, मातीकाम म्हणजे वेळेचा अपव्यय.

वस्तुस्थिती : मनगटातील आठ लहान हाडे जन्माच्या वेळी कूर्चेची, म्हणजे मऊ लवचिक ऊतीची, असतात आणि पुढील अनेक वर्षांत एकेक करून कठीण होतात, तीन-चार वर्षांच्या वयात ही प्रक्रिया अर्धीही झालेली नसते. पेन्सिल धरण्यासाठी लागणारी बोटांची ताकद आणि अंगठा-तर्जनीची पकड माती मळण्यातून, बी चिमटीत धरण्यातून आणि कागद फाडण्यातून तयार होते, त्यामुळे ही कामे लेखनाची पूर्वतयारीच आहेत. किती बिया पेरल्या आणि किती उगवल्या यात गणित आहे, तर काल काय होते आणि आज काय झाले हे सांगण्यात भाषा आहे.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला, १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी पाने, बिया, शंख-शिंपले आणि माती यांतूनच शिक्षणाची साधने घडवली. शाळेत मुले येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, ही त्यांची कल्पना होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळ आणि कृती यांवर भर दिला आहे.

राजुऱ्यात या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे. पूर्वी हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात असलेला हा तालुका १९५६ मध्ये नांदेडला आणि १९५९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला, त्यामुळे येथील घरांत मराठीबरोबर गोंडी, कोलामी आणि तेलुगूही बोलली जाते. घरची बोली बोलल्याने शाळेची मराठी बिघडते ही भीती निराधार आहे. आजीकडून झाडांची नावे आपल्या बोलीत ऐकलेले मूल तीच नावे मराठीत अधिक सहज शिकते, कारण वस्तूची ओळख आधीच झालेली असते.

गैरसमज ८ : वीज झाडावर पडते, माणसावर नाही, आणि घराभोवती लसूण ठेवला की साप येत नाही.

वस्तुस्थिती : झाडावर पडलेली वीज खोडातून आणि जमिनीतून जवळच्या माणसापर्यंत पोहोचते, म्हणून गडगडाट ऐकू येताच मुलाला पक्क्या घरात आणावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर सोडू नये. अंगावर वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही, त्यामुळे त्याला हात लावून तातडीने मदत करणे सुरक्षित आणि आवश्यक असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेल्या ‘दामिनी’ या मोबाइल ॲपवर परिसरातील विजेची पूर्वसूचना मिळते.

लसणाने किंवा कोणत्याही वासाने साप दूर राहतात याला आधार नाही. सरपणाचे ढीग आणि उंदीर यांमुळे साप घराजवळ येतात, म्हणून सरपण घरापासून दूर रचावे. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि त्याचा दंश अनेकदा जाणवतही नाही, त्यामुळे मुलाला जमिनीऐवजी खाटेवर, गादीखाली नीट खोचलेल्या मच्छरदाणीत झोपवणे हे डास आणि साप या दोहोंपासून संरक्षण ठरते. दंश झाल्यास जखम चिरू नये, दोरी आवळून बांधू नये आणि मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. सर्पविषावरील प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळते आणि तेथे लवकर पोहोचणे हाच उपचाराचा पहिला भाग आहे.

येत्या पावसाळ्यात प्रत्येक पालकाने बियाण्याच्या पुड्या आणि औषधांचे डबे कुलपात ठेवावेत, आठवड्यातून एकदा साचलेले पाणी ओतून टाकावे, मच्छरदाणी लावावी, आणि एवढे केल्यावर मुलाच्या पायांत चप्पल घालून त्याच्या हातात मूठभर बरबटी द्यावी. माती आणि पाऊस हे बालपणाचे हक्काचे सोबती आहेत, आणि मुलाला त्यांच्यापासून तोडण्याचे कोणतेही शास्त्रीय कारण नाही.