ओठांमागे पडलेला आवाज

औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर हे भगवान मल्लिनाथांचे अतिशय क्षेत्र. तेथील यात्रा, पंचकल्याणक महोत्सव, मुनिश्रींची प्रवचने, घरचे विवाह अशा प्रसंगांच्या व्हिडिओ कॅसेटी अनेक कुटुंबांच्या कपाटांत अजून जपलेल्या असतात. त्या दाखविणारे यंत्र मात्र दुर्मीळ झाले. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनविणे थांबविले. मग घरातील एखादा तरुण कॅसेट संगणकावर उतरवितो आणि वडीलधाऱ्यांना टीव्हीवर पाहता यावी म्हणून तिची डीव्हीडी करतो. येथेच घात होतो. पडद्यावर दिवंगत आजोबांचे ओठ णमोकार मंत्राचे पद पूर्ण करून मिटतात, आणि आवाज मागाहून येतो.

एवढा सूक्ष्म फरकही का खुपावा? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार ध्वनी चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला, किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला, की तो जाणवू लागतो. मागे पडलेला आवाज मनुष्य अधिक सोसतो. वीज आधी आणि गडगडाट नंतर, हे त्याच्या अंगवळणी पडलेले आहे.

दोषाचे निदान व्यापारी माणसाला परके वाटू नये. बारदान वजा करायचे राहिले तर प्रत्येक पोत्यामागे तेवढाच फरक पडतो. काटाच सदोष असेल तर माल वाढेल तसा फरक वाढतो. चित्रणाच्या आरंभी, मध्यावर आणि शेवटी एखादी टाळी वा घंटेचा ठोका शोधून पाहावा. तिन्ही ठिकाणी अंतर सारखे असेल, तर ध्वनिपट तेवढा सरकविला की काम झाले.

अंतर वाढत जात असेल, तर मापच चुकलेले असते. परदेशातील लेकीने पाठविलेले चित्रण सेकंदाला २९.९७ चौकटींचे असते. ते ३० चे समजून बसविले, तर तासाभरात सुमारे ३.६ सेकंदांची तफावत पडते. येथे ध्वनी सरकवून भागत नाही. आधी चौकटींचा वेग दुरुस्त करावा, अथवा ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य साधनाने, स्वर न बदलता, ध्वनीची लांबी चित्राइतकी करावी. मोबाइलवरील चित्रणात चौकटींचा वेग क्षणोक्षणी बदलतो. तो प्रथम स्थिर करून घ्यावा लागतो. एमपी३ स्वरूपातील ध्वनीही पुष्कळदा दगा देतो. तो आधी डब्ल्यूएव्ही स्वरूपात, सेकंदाला ४८,००० नमुन्यांवर आणावा, कारण डीव्हीडीचे माप तेच आहे. सीडीचे ४४,१०० चे माप तेथे चालत नाही.

तिसरा प्रकार त्रासाचा. आवाज बराच वेळ जुळलेला असतो आणि एकाएकी उडी मारतो. जीर्ण फीत उतरविताना चौकटी गळाल्याची ही खूण; आपल्याकडील पद्धतीत २५ चौकटी गळाल्या की एका सेकंदाचे चित्र गेले. तुकडे करून प्रत्येक तुकडा जुळविण्याचा खटाटोप करण्यापेक्षा, टाइमबेस करेक्टर हे उपकरण मधे जोडून कॅसेट पुन्हा उतरविणे केव्हाही बरे. म्हणूनच डीव्हीडी झाली की मूळ कॅसेट रद्दीत टाकण्याची घाई करू नये.

नातेवाइकांना प्रती वाटण्यापूर्वी पहिली तबकडी घरच्याच प्लेअरवर लावावी, आणि शेवटची दहा मिनिटे आवर्जून पाहावीत. वाढत जाणारी तफावत आरंभी दिसतच नाही.