नियम कुठे ठेवावा?

गडचांदूरमधील एक शेत विकले गेले, असे आपण समजू. फेरफार मंजूर झाला, की सातबाऱ्यावरील जुन्या नावाला कंस करायचा, नवे नाव लावायचे, फेरफार क्रमांक लिहायचा. मध्येच वीज गेली आणि नुसता कंसच झाला, तर शेताला कागदोपत्री मालकच उरत नाही! म्हणून या पायऱ्या ‘सर्व किंवा काहीच नाही’ अशा एका व्यवहारात बांधतात.

हा व्यवहार संकेतस्थळाच्या प्रोग्रॅममध्येही लिहिता येतो. मग डेटाबेसमध्येच साठवलेली आज्ञावली, म्हणजे स्टोअर्ड प्रोसिजर, आपण केव्हा वापरावी? एकाच डेटाबेसवर अनेक प्रोग्रॅम काम करत असतील आणि नियम सर्वांना सारखाच लागू व्हायला हवा असेल तेव्हा. शिवाय नेटवर्कवरच्या फेऱ्याही वाचतात. नुसता उतारा दाखवायला मात्र साधी विचारणा पुरे. पुढेमागे डेटाबेस बदलायचा असेल तर जपून. ओरॅकल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या प्रोसिजरच्या बोली निराळ्या आहेत.