मिशांचे मासे आणि आमचा नाला
(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘मासा पाण्याबाहेर काढला की तडफडून मरतो’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. वक्ते तर ते भाषणात हमखास वापरतात. पण आमच्या फुलसावंगीकडच्या कोणत्याही भोयासमोर ते म्हणून पाहा, तो हसेल. सकाळी धरलेला मागूर ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवला तर संध्याकाळपर्यंत जिवंत राहतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. माझा बाप मासे धरतो, आजाही धरत होता. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच. त्यामुळे हा मासा मला आधी टोपल्यात भेटला आणि मग ग्रंथालयात. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे, तेव्हा शास्त्राच्या प्रांतातली ही घुसखोरी वाचकांनी गोड मानून घ्यावी.

मागूर, शिंगी, शिवडा, शिंगाडा ही सारी मिशा असलेल्या माशांची जात. इंग्रजीत त्यांना कॅटफिश म्हणतात आणि मराठीत मार्जारमीन असा भारदस्त शब्द आहे. मी तो घरी सांगितला तेव्हा बापाने विचारले, “हा कोन्ता नवा मासा व्हय?” असो. या माशांच्या अंगावर खवले नसतात. कातडी गुळगुळीत, बुळबुळीत. मिशा शोभेच्या नव्हेत. त्यांच्यावर चव ओळखणाऱ्या पेशी असतात. आमच्या काळ्या मातीच्या मुलखात पावसाळ्यात नाल्याचे पाणी चहासारखे गढूळ होते. तिथे डोळ्यांचा काय उपयोग? मासा मिशांनी तळ चाचपत जातो आणि किडे, अळ्या, गोगलगाई हुडकतो. रोही-कटल्याला जाळे लावणारा माणूस मागुरासाठी गळाला गांडूळ का लावतो, याचे उत्तर इथे मिळते.

आता श्वासाचे. पाण्यातला प्राणवायू घ्यायला मागुराला इतर माशांसारखेच कल्ले आहेत. पण त्यांच्या वरच्या पोकळीत झाडाच्या फांद्यांसारखा, रक्ताने भरलेला एक लालभडक अवयव असतो. त्याने तो सरळ हवा घेतो. शिंगीचा संसार निराळा. तिच्या कल्ल्यांपासून निघालेल्या दोन लांब नळ्या पाठीच्या मांसातून पार शेपटीकडे जातात. भागलपूर विद्यापीठाचे प्रा. दत्ता मुन्शी यांनी अशा हवा घेणाऱ्या भारतीय माशांवर दीर्घकाळ संशोधन केले. गंमत अशी, की या माशांना वर येऊन हवा घेऊ दिली नाही, तर ते पाण्यात असूनही गुदमरू शकतात! एप्रिल-मे महिन्यांत नाला आटून डबके उरते, पाणी तापते, इतर मासे उलटे होऊन तरंगू लागतात, तेव्हा मागूर चिखलात टिकून राहतो आणि मृगाचा पाऊस पडला की ओल्या रात्री छातीच्या परांतील काट्यांवर रेटा देत एका डबक्यातून दुसऱ्यात जातो. मादी काठाच्या खळग्यात अंडी घालते आणि राखण नर करतो.

शिंगीच्या छातीच्या काट्यांशी मात्र विषग्रंथी असते. काटा लागला की हात ठणकतो. ज्याला लागला, त्याला ती पुन्हा ओळखायला पुस्तक लागत नाही.

अमेरिकेतही मिसिसिपीच्या खोऱ्यात या जातीचे मोठे गोत आहे. तिथल्या चॅनेल कॅटफिशच्या मिशांवरच नव्हे, तर सर्व अंगावर चवीच्या पेशी असतात. म्हणजे तो सबंध एक पोहणारी जीभच म्हणायचा. मिसिसिपी, अलाबामा, आर्कान्सा या राज्यांत त्याची तळ्यांत शेती होते. त्याचा भाऊबंद ब्लू कॅटफिश. 2011 साली व्हर्जिनियात गळाला लागलेला एक 143 पौंडांचा, म्हणजे जवळजवळ 65 किलोंचा होता. आपल्याकडचा मागूरवर्गीय मासाही 1960 च्या दशकात आग्नेय आशियातून फ्लोरिडात नेला गेला. तो तळ्यातून निसटला आणि पावसाळी रात्री रस्ते ओलांडू लागला. परका मासा एकदा सुटला की त्याला परत बोलावता येत नाही.

आपल्याकडे हेच उलट घडले. आफ्रिकेतला एक मोठा मागूर थायलंड-बांगलादेशमार्गे चोरून भारतात आला. बाजारात त्याला थायी मागूर म्हणतात. काही महिन्यांत तो किलोचा होतो, घाणेरड्या पाण्यात वाढतो, मिळेल ते खातो आणि दुसरे मासेही फस्त करतो. 2000 साली केंद्र शासनाने त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी तो विकला जातो. देशी मागूर मात्र जागतिक यादीत धोक्यात आलेल्या जातींमध्ये मोजला जातो. शिवाय आमचा भाग कपाशीचा. 2017 साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. तीच औषधे पहिल्या पावसाने धुऊन नाल्यात येतात आणि त्यांतली कित्येक माशांना माणसांपेक्षाही जहाल असतात. प्राणवायू कमी पडला तर मागूर वर येऊन हवा घेईल. विषावर त्याच्याकडे कोणती तजवीज आहे?

दोन वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने आमच्या बाजारात थायी मागूर देशी म्हणून विकला. गिऱ्हाइकांना चव कळली, आणि तेव्हापासून बापाच्या टोपल्याकडेही लोक संशयाने पाहतात. बाळंतिणीसाठी, आजाऱ्यासाठी मागूर न्यायला येणारी जुनी गिऱ्हाइके उलटसुलट प्रश्न विचारतात. मी त्यांना सांगतो, की थायीच्या अंगावर संगमरवरासारखे ठिपके दिसतात, पोट पांढरट असते, डोके रुंद नि चपटे असते. कोणी ऐकतात, कोणी नाही. लोकांनी आपली एकच खूण पक्की केली आहे: मोठा तो थायी. म्हणून बाप आता पावशेरापेक्षा मोठा मागूर टोपल्यात ठेवतच नाही. तसा सापडलाच तर तो आमच्या घरी शिजतो.