50 सेकंदांतला नेम

एअर रायफलची स्पर्धा पाहणाऱ्याला हा खेळ संथ वाटतो. जाड जाकीट घातलेला खेळाडू निश्चल उभा असतो, बराच वेळ काही घडत नाही आणि मग एक बारीक आवाज होतो. प्रत्यक्षात त्याच्या डोळ्यासमोर घड्याळ धावत असते. 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 10 मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत 60 गोळ्यांसाठी 75 मिनिटे होती. अंतिम फेरीत आधी 5-5 गोळ्यांच्या दोन मालिका, प्रत्येकी 250 सेकंदांच्या, आणि त्यानंतर प्रत्येक गोळीला फक्त 50 सेकंद. तेवढ्यात छर्रा भरायचा, रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, श्वास सोडायचा आणि अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर नेम धरायचा. म्हणून या खेळाच्या तयारीत वेगाला मोठी जागा आहे, असे माझे ठाम मत आहे. मात्र हा वेग चाप लवकर ओढण्याचा नाही. नेम बिघडतोय असे दिसताच रायफल खाली घेऊन पुन्हा सुरुवात करणे परवडावे, यासाठी तो हवा.

हिशेब करून पाहिला की मुद्दा पटतो. श्वास रोखून नेम फार वेळ धरला तर नजर मंदावते, स्नायू थरथरू लागतात आणि हात वाईट गोळी झाडून मोकळा होतो. अनुभवी नेमबाज नळी स्थिरावल्यावर काही सेकंदांत गोळी सोडतो, नाहीतर सोडतच नाही. 50 सेकंदांतली 35 सेकंद उभे राहण्याची पद्धत जुळवण्यात गेली, तर नकाराला जागा उरत नाही. तीच जुळवाजुळव 15 सेकंदांत झाली, तर एक प्रयत्न सोडून दुसरा निवांत करता येतो. पात्रता फेरीतही सरासरी 50 सेकंदांत एक गोळी गेली, तर 60 गोळ्यांना 50 मिनिटे लागतात आणि 25 मिनिटे हाताशी राहतात. मध्येच लय बिघडली तर बसायला, पाणी प्यायला, डोळ्यांना विश्रांती द्यायला ती उपयोगी पडतात.

हा वेग येतो तो पायांपासून. उभे राहून नेम धरायचा, डोळे मिटायचे, एक श्वास घेऊन सोडायचा आणि डोळे उघडून पाहायचे. नळी लक्ष्यापासून सरकलेली दिसली, तर हातांनी ओढून आणायची नाही, पाय हलवायचे. शरीर आपसूक लक्ष्याकडे रोखलेले असले की दर गोळीला दुरुस्ती करावी लागत नाही. मग छर्रा भरण्याचा सराव, पायांची जागा न मोडता. ही बारीकशी हालचाल स्पर्धेत 60 वेळा करायची असते. बाकी मेहनत ‘ड्राय फायरिंग’ची, म्हणजे छर्रा न भरता चाप ओढण्याची. शेजारी सेकंद मोजणारे घड्याळ ठेवायचे आणि ठरलेल्या वेळेत चाप ओढला गेला नाही तर रायफल खाली घ्यायचीच, ही सवय इथेच अंगी मुरते. रायफल रिकामी असल्याची खात्री करणे आणि नळी कुणाकडेही न रोखणे हा नियम घरच्या सरावालाही तितकाच लागू आहे.

घड्याळ लावले की मुले घाई शिकतात, हा आक्षेप गंभीर आहे आणि नवशिक्यांच्या बाबतीत खराही आहे. ज्याला अजून उभे राहता येत नाही, त्याच्यापुढे सेकंद मोजू नयेत. पण वेग आणि अचूकता एकमेकांचे वैरी आहेत, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. 10 मीटर रनिंग टार्गेट या एअर रायफलच्याच प्रकारात सरकते लक्ष्य संथ फेरीत 5 आणि जलद फेरीत अवघे अडीच सेकंद दिसते. ते दिसेपर्यंत रायफल खांद्याला लावण्याचीही मुभा नसते. 25 मीटर पिस्तुलाच्या जलद टप्प्यात लक्ष्य 3 सेकंद समोर असते, आणि त्याच प्रकारात कोल्हापूरची राही सरनोबत 2018मध्ये पालेम्बांगला आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. इतक्या कमी वेळात नेम साधतो, कारण शरीर आधीच योग्य जागी उभे असते.

दुसरा आक्षेप पैशाचा. स्पर्धेची रायफल काही लाखांना पडते, मग संत गोरोबाकाकांच्या तेरसारख्या गावातल्या मुलांना याचा काय उपयोग? पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचे कांस्य जिंकणारा स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. गाव लहान होते, पण त्याला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीचा आधार मिळाला. त्याच्या अंतिम फेरीतही उभ्या स्थितीच्या अखेरच्या गोळ्या 50 सेकंदांच्याच होत्या. एअर रायफलला मोठे मैदान लागत नाही. नेमबाजापासून लक्ष्यापर्यंतचे अंतर 10 मीटर, म्हणजे सुरक्षित भिंत आणि बंदिस्त वावर असेल तर शाळेचा लांबट हॉल पुरतो. एका रायफलवर आळीपाळीने अनेक मुले तयार होऊ शकतात, कारण पायांचा, तोल राखण्याचा आणि श्वासाचा सराव रायफल दुसऱ्याच्या हातात असतानाही होतो. खरी उणीव प्रशिक्षकाची आहे. चुकीची उभे राहण्याची पद्धत एकदा मुरली की ती मोडायला महिने जातात. म्हणून तेर परिसरातल्या शाळांनी एकत्र येऊन आधी प्रशिक्षकाच्या नियमित फेऱ्या ठरवाव्यात, आणि रायफलची खरेदी त्याच्या सल्ल्याने नंतर करावी.